गुरुवारचा ओला पारा

"ओला पारा चोवीस पूर्णांक सहा," फोनवर सगुणाबाई म्हणाल्या आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

"किती?"

"चोवीस पूर्णांक सहा, साहेब. कोरडा अठ्ठावीस पूर्णांक चार."

"बाई, वाटीत पाणी होतं का?"

"व्हय की. काल सांजच्यालाच भरली. आत्ता बी निम्म्याच्या वर हाये."

"आणि मलमल? ओली होती? हात लावून बघितलीत?"

"हात कसा लावीन, साहेब? तुमीच तर सांगितलंय, लावायचा न्हाय म्हनून."

ते खरं होतं. आंबोटीच्या आश्रमशाळेच्या आवारात ती पांढरी झरोक्यांची पेटी बसवली तेव्हा सगुणाबाई केंगल्यांना सगळं मीच शिकवलं होतं. पेटीत दोन तापमापक टांगलेले. एकाच्या फुग्याला मलमलीचा ओला तुकडा गुंडाळलेला, त्याचं टोक पाण्याच्या वाटीत. हवा कोरडी असली की मलमलीतलं पाणी झपाझप उडतं आणि ओला पारा खाली जातो. एप्रिलात दोन्ही पाऱ्यांमध्ये दहा अंशांचं अंतर हमखास. त्या दिवशी चारसुद्धा नव्हतं. याचे अर्थ दोनच. एक तर हवेत खरोखरच ओल आली आहे, नाही तर वाटीतलं पाणी आटून मलमल सुकली आहे.

"परत जा आणि बघून या. मी थांबतो."

शाळेतल्या फोनपासून पेटी पन्नास पावलांवर. मी रिसीव्हर कानाला लावून बसलो. तिकडे कुठल्याशा वर्गात सतराचा पाढा चालला होता. पाढा संपायच्या आत बाई परत आल्या, धापा टाकत.

"तितकाच हाये, साहेब. चोवीस पूर्णांक सहा. अन् आज कडा दिसंना सकाळपासनं. वारं बी खालनं वर याया लागलंय, कोकनातलं. आमच्यात म्हनत्यात..."

"म्हणतात ते राहू द्या, बाई. आकडे झाले ना? ठेवा फोन."

मी नोंदवहीत आंबोटीच्या रकान्यात लिहिलं, अठरा पूर्णांक दोन. हे 'दोन' कशाला? तर नुसतं अठरा खोटं दिसलं असतं म्हणून.

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशी सालची. आमची हवामान कचेरी जिल्ह्याच्या गावी, तीन खोल्यांची. दर गुरुवारी आम्ही उन्हाळी अंदाज काढायचो. त्यात दोन भाग असायचे, मैदानी पट्टा आणि डोंगरखोरी. मैदानात आमची सहा केंद्रं होती, खोऱ्यात एकच, ते म्हणजे आंबोटी. सहा माणसं एका सुरात गात असताना सातव्याचा सूर वेगळा लागला तर सातवाच बेसूर, हे मी न शिकवता शिकलो होतो. कचेरीत मला 'इस्त्रीवाला निरगुडकर' म्हणत. कुठल्याही केंद्राचा आकडा चुरगळलेला आला की मी तो सरळ करून ठेवायचो, आणि माझे नकाशे कसे परीटघडीच्या धोतरासारखे दिसायचे. आमचे मुजुमदार साहेब कौतुकानं ते नकाशे पाहुण्यांना दाखवत. मला त्याचा अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

त्या गुरुवारी तर मला दुसरंही कारण होतं. टायपिस्ट रजेवर असल्यामुळे अंदाजाचा स्टेन्सिल मी स्वतःच, सकाळी साडेसातला, एकही आकडा यायच्या आधी टाईप करून ठेवला होता. एप्रिलात हवामान कोरडंच असतं, त्यात बघायचं काय? बाईंचा आकडा खरा धरला असता तर डोंगरखोऱ्यांचा परिच्छेद बदलायला लागला असता. स्टेन्सिल फाडा, नवा घाला, पुन्हा तासभर एकेका बोटानं टाईप करा. आणि त्या दिवशी सासुरवाडीला हंगामातला पहिला आमरस होता. बारा वाजता पानं मांडणार होते.

बस. एवढंच कारण. मी पुष्कळदा दुसरं, जरा भारदस्त कारण शोधून बघितलं आहे. सापडलेलं नाही.

संध्याकाळी मी सासऱ्यांच्या झोपाळ्यावर सुस्तावून बसलो होतो. सात वाजता त्यांनी रेडिओचा कान पिळला. "श्श! जावईबापूंचा अंदाज!" आणि निवेदिका माझं वाक्य वाचू लागली. "मैदानी भागात, तसेच डोंगरखोऱ्यांत, येते पाच दिवस हवामान कोरडे राहील. पावसाची शक्यता नाही." सासूबाईंनी कौतुकानं आणखी एक वाटी पुढे केली, आणि मी ती संपवली.

त्याच वेळी आंबोटीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं.

त्या खोऱ्यात एप्रिल म्हणजे बाळहिरड्याचा महिना. गावच्या गाव पहाटे रानात जातं, झाडं झोडून कोवळा हिरडा गोळा करतं आणि कड्याजवळच्या उघड्या कातळावर वाळत घालतं. पाच-सहा कडक उन्हं लागतात. वाळून काळा खडखडीत झाला की व्यापारी उचलतो, आणि त्या लोकांच्या हातात वर्षाचा रोकडा पैसा पडतो तो तेवढाच. पण वाळता वाळता भिजला तर हिरडा फुगतो, चिकट होतो, बुरशी धरतो. मग त्याला कुणी हात लावत नाही.

सगुणाबाईंनी त्या सकाळी दोनदा पारा बघितला होता, कडा बघितला होता, वारा अंगावर घेतला होता. माझा फोन ठेवून त्या थेट कातळावर गेल्या आणि म्हणाल्या, हिरडा घरात घ्या. बाईंचा शब्द गाव मानत असे. नवरा गेल्यावर दिराच्या ओसरीत कोपरा धरून बसलेली बाई पेटी आल्यापासून गावात 'पारावाली' झाली होती. लग्नाची तारीख धरायची असो की घर शाकारायचं असो, माणसं आधी तिला विचारत. दुपारपर्यंत निम्मं गाव पोती भरून मोकळं झालं.

मग सात वाजता रेडिओ बोलला.

"तुझ्या पेटीपेक्षा रेडिओ मोठा का बारीक?" दीर बारकू केंगले सगळ्यांदेखत म्हणाला. आणि बाईंनीच निकाल दिला. "रेडिओत माझाच आकडा जातोय. पन साहेब चार ठिकानचं बघत्यात, मला येकाच ठिकानचं दिसतंय. ते म्हनत्यात तर पसरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरडा परत कातळावर गेला. बाईंचा स्वतःचाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता कड्याकडून ढग चढून आले. गाव कातळापर्यंत धावेस्तोवर गारा सुरू झाल्या. दीड तास. मैदानात एक थेंब पडला नाही. सोमवारी मी कचेरीत आलो तेव्हा रविवारच्या ड्यूटीवाल्यानं नोंदवहीत लिहून ठेवलं होतं, आंबोटी, पाऊस एकेचाळीस मिलिमीटर, गारा. मी ती ओळ तीनदा वाचली.

साडेआठचे आकडे द्यायला बाईंचा फोन आला. कोरडा, ओला, वारा, ढग, सगळं सांगून झालं.

"साहेब, आमचा हिरडा गेला."

"अरेरे," मी म्हणालो.

"समद्या गावाचा गेला."

"काय करणार बाई, निसर्गापुढे कुणाचं चालतं?" मी म्हणालो आणि फोन ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. फोनवरून तिला माझी नोंदवही दिसेल की काय, अशी मला भीती वाटली.

आठवड्याभरात गावाचा अर्ज आला, पन्नास-साठ अंगठे आणि दहाएक सह्यांचा. मुजुमदार साहेब सरळ माणूस. म्हणाले, "निरगुडकर, जाऊन बघू या. लोकांना तोंड दाखवलं पाहिजे." जीप काढली. वाटेत घाट चढताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कुठे चुकलं?"

"उपकरणं तपासल्याशिवाय कसं सांगता येईल, साहेब?"

हेही मला सांगितलं पाहिजे, की मला कसलीही भीती बाळगायचं कारण नव्हतं. बढती अडणार नव्हती, नोकरी जाणार नव्हती. तिथे जीपमध्ये खरं बोललो असतो तर मुजुमदार साहेबांनी दहा मिनिटं झापलं असतं आणि पुढच्या टपरीवर चहा पाजला असता. असा माणूस होता तो.

आंबोटीत शिरताच तो वास आला, कुजक्या हिरड्याचा, तुरट आणि आंबूस. कातळाच्या कडेला लोकांनी ढीग ढकलून ठेवले होते. पेटीभोवती गाव जमलं होतं. सगुणाबाई पेटीच्या दाराशी उभ्या होत्या, धुतलेलं लुगडं नेसून, जणू परीक्षेलाच.

बारकूनं सुरुवात केली. "साहेब, ह्या बाईला आधी ह्या पेटीपासनं काढा. आकडा हीच कळवतीया, अन् त्याच्यावर रेडिओ बोलतोय. म्हंजी गाव बुडवलं कुनी?"

"थांबा, थांबा," मुजुमदार साहेब म्हणाले. "निरगुडकर, बघा जरा."

मी पेटी उघडली. वाटी भरलेली, मलमल स्वच्छ, फुग्याला नीट बसलेली. माझ्या सहाही मैदानी केंद्रांत इतकी नीट ठेवलेली पेटी नव्हती. मी तसं म्हणालो नाही. नुसतं "हूं" म्हणालो.

"बाई, गुरुवारची नोंद दाखवा," साहेब म्हणाले.

बाईंनी वही पुढे केली. गोल, शाळकरी अक्षर. ओला पारा, चोवीस पूर्णांक सहा. साहेबांनी कचेरीची नोंदवही उघडली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग माझ्याकडे.

"तुमच्याकडे अठरा पूर्णांक दोन आहे. यांनी फोनवर काय सांगितलं?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. उलट हायसं वाटल्यासारखं होतं, आता साहेब सांगतील म्हणून.

"अठरा पूर्णांक दोन, साहेब," मी म्हणालो.

बाईंना क्षणभर काही समजलंच नाही. "न्हाय साहेब, म्या चोवीस म्हनले. तुमी परत बघाया लावलं..."

"हो ना. परत बघायला लावलं," मी म्हणालो. माझा आवाज अगदी समजुतीचा होता, अजून कानात आहे. "आठवून बघा, बाई. पहिल्यांदा तुम्ही चोवीस म्हणालात. मला शंका आली म्हणून मी परत पाठवलं. परत आलात, धापा टाकत होतात. तेव्हा काय सांगितलंत?"

खोटं बोलायचं तर त्यात खऱ्याचं विरजण लागतं. मी ते बरोबर मापात घातलं होतं. बाई आठवू लागल्या. त्या खरोखर आठवत होत्या, डोळे बारीक करून, ओठ हलवून, आणि मी उभा राहून बघत होतो.

"पळत आले व्हते खरी," त्या म्हणाल्या. "दम लागला व्हता."

"झालं तर!" बारकू म्हणाला. "वहीत येक लिवायचं, फोनवर येक बोलायचं!"

"बाई, होतं असं," मुजुमदार साहेब मऊपणानं म्हणाले. "घाईत तोंडातून भलताच आकडा जातो."

सगुणाबाईंनी माझ्याकडे आणखी एकदा बघितलं. त्या वेळी मी नजर खाली घातली असती तरी त्यांना कळलं असतं. मी घातली नाही.

"साहेब म्हनत्यात तर तसंच असंल," त्या म्हणाल्या. "ते कशाला खोटं बोलतील? माझ्याच तोंडातनं गेलं असंल."

मग त्यांनी खाली बसून वही मांडीवर घेतली, चोवीस पूर्णांक सहावर आडवी रेघ मारली, वर अठरा पूर्णांक दोन लिहिलं आणि बाजूला सही केली. दुरुस्ती अशीच करायची, खाडाखोड करायची नाही, रेघ मारून सही करायची, हा नियमही त्यांना मीच शिकवला होता. त्यांना तेव्हा कुणी दुरुस्ती करायला सांगितलं नव्हतं. आणि खरा आकडा तो खोडलेला होता.

बारकू पेटीच्या पायाशी थुंकला आणि निघाला. त्याच्यामागं गाव पांगलं. एक म्हातारी जाता जाता बाईंना म्हणाली, "इतकी वरसं तुजं ऐकत व्हतो ग बाये."

बाईंनी आम्हाला चहा केला. बिनदुधाचा. पहिला कप मला दिला.

परत येताना घाट उतरल्यावर मुजुमदार साहेब म्हणाले, "बाईला काढायचं नाही हं, निरगुडकर. माणूस प्रामाणिक आहे. भर गावात चूक कबूल केली. आपल्यात किती जण करतील?"



त्यानंतर नऊ वर्षं रोज सकाळी साडेआठला सगुणाबाईंचा फोन येत होता. कधी खाडा नाही. पण आता त्या प्रत्येक आकडा दोनदा सांगत, आणि मग म्हणत, "गुरुजींनी बी बघितलाय, साहेब." शाळेच्या गुरुजींना पेटीपाशी नेऊन, त्यांच्याकडून वाचवून, त्यांची सही वहीत घेतल्याशिवाय त्या फोनला हात लावत नसत. कड्याचं, वाऱ्याचं त्या परत कधी बोलल्या नाहीत. एकदा मीच विचारलं, "बाई, आज कडा दिसतोय का?" तर म्हणाल्या, "मला न्हाय कळत त्यातलं, साहेब. आकडा तेवढा घ्या." गुरुजींकडून कळलं, की गावात आता त्यांना कुणी काही विचारत नाही. कुणी चुकून विचारलंच तर त्या म्हणतात, रेडिओ ऐका.

आकड्यांना इस्त्री करणं मी त्या वर्षीच सोडलं. कुणाला ते कळलंही नाही. माझे नकाशे वेडेवाकडे यायला लागले तेव्हा लोक म्हणाले, निरगुडकर आता थकले.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा मी एस.टी.नं आंबोटीला गेलो. मुजुमदार साहेब तोवर वारले होते. मला कुणी विचारणारं नव्हतं, आणि मला आता बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. सासूबाईंचा आमरस इतक्या वर्षांत कधी धड घशाखाली उतरला नव्हता. पाच वाजत आले होते. बाई शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. मला बघून धांदल उडाली त्यांची.

"साहेब! येवढ्या लांब? कळवायचं तरी. चा टाकते."

"चहा नको, बाई. बसा. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. त्याआधी मला एक सांगायचं आहे."

त्या बसल्या. मी उभाच राहिलो.

"त्या वर्षी, गारा पडल्या त्या वर्षी, तुम्ही आकडा बरोबर सांगितला होता. दोन्ही वेळा. चोवीस पूर्णांक सहा. मीच वहीत अठरा लिहिलं. आणि साहेबांपुढे, गावापुढे मी खोटं बोललो. तुमची काही चूक नव्हती."

मी तयारी करून आलो होतो. बाई रडतील, शिव्या देतील, बारकूला हाक मारतील, गाव गोळा करतील. माझी सगळ्याला तयारी होती. खरं तर मला तेच हवं होतं.

त्या हसल्या.

"साहेब, लई मोठ्या मनाचं तुमी."

"बाई, मी खरं सांगतोय."

"व्हय, व्हय. आता निघाला म्हनून माझ्या मनाला लागून ऱ्हाऊ नये, असं वाटलं तुमाला. येवढ्या लांब आला त्येच्यासाठनं. खालच्या मानसाची चूक आपल्या अंगावर कोन घेतंय, साहेब?"

"बाई, ऐका माझं. तुम्ही चोवीसच म्हणाला होता. वहीतसुद्धा आधी तेच होतं ना?"

"वहीत चुकून पडलं व्हतं. म्या दुरुस्त केलं की तवाच." त्या माझी समजूत घालत होत्या, अगदी मऊ आवाजात. "मला आता लख्ख आठवतंय, साहेब. पळत आले, फोन उचलला, अन् अठरा म्हनले. माझ्याच तोंडानं म्हनले. तुमी नका जिवाला लावून घेऊ."

मी आणखी दोनदा सांगितलं. शपथ घातली. प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दलचा आदर वाढतच गेला.

साडेपाच वाजले, संध्याकाळच्या नोंदीची वेळ झाली, तशा त्या उठल्या, पदर खोचला, पेटीचं दार उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. गुरुजी तालुक्याला गेले होते. वहीवर पेन धरून त्या तशाच थांबल्या.

"साहेब, तुमी आलाच हाये तर तेवढं बघता का? मला तरी ओला येकोनीस पूर्णांक चार दिसतोय."

मी वाकून बघितलं. एकोणीस पूर्णांक चारच होता.

"बरोबर आहे, बाई," मी म्हणालो. मग त्यांनी तो लिहिला आणि सहीसाठी वही माझ्यापुढे केली.